पोटाचं ऑपरेशन आणि सगराची संध्याकाळ

माझ्या अंगावर मोटारसायकल घालणारा माझाच मुलगा होता.

दिवाळीच्या पाडव्याची संध्याकाळ होती. मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. तो समोरून येत होता. गाडीचा सायलेन्सर काढलेला, त्यामुळे कानठळ्या बसत होत्या, आणि गाडीच्या मागं आमची म्हैस चौखूर धावत होती. त्याचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच होते. मला वाटलं, आता ब्रेक दाबेल. दरवर्षी तो माझ्यासमोर गाडी आडवी लावतो, मागं म्हैस थांबते, मी आधी तिला ओवाळते आणि मग त्याला. त्या दिवशी त्यानं ब्रेक दाबला नाही. वेगसुद्धा कमी केला नाही. ताट वर उडालेलं मी पाहिलं. मग मी खाली होते, गाडी माझ्या मांडीवर होती आणि तो माझ्यावर पडला होता.

म्हैस मागून येतच होती. तिनं आम्हाला पाहिलं. ती एकदम डावीकडं वळली आणि विजेच्या खांबावर आदळली. शिंग मोडल्याचा आवाज मला गाडीच्या आवाजातही ऐकू आला.

मुलाचं तोंड माझ्या तोंडाशी होतं. मी आधी वास घेतला. कित्येक दिवस मी त्याला बेवडा म्हणत होते. दारूचा वास नव्हता. चकलीचा वास होता.

"कोण हाय? कुणाला लागलं?" तो विचारत होता. माझ्या तोंडावर तोंड असताना विचारत होता.

"तुझी आई हाय," मी म्हटलं. "दिसत न्हाय व्हय तुला?"

"न्हाय," तो म्हणाला.

बाहेरच्या लोकांना सगर माहीत नसतो, म्हणून सांगते. दिवाळीत आमच्या कोल्हापुरात म्हशीवाले आपापल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांचे पट्टे आणि घुंगरं बांधतात, मोरपिसं लावतात. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं पळते. दावं नसतं, काठी नसते. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज म्हशीला कळतो, आणि त्या आवाजामागं ती कुठंही जाते. ज्याची म्हैस न चुकता मागं येते, त्याला मान असतो. यालाच सगर म्हणतात. शहाणपणाची गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडं आहे.

आम्ही म्हशीवाले. माझं लग्न झालं तेव्हापासून मी शेणात आहे. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, त्यापुढं म्हशी. माझे मालक वारल्यावर गोठा मुलानं सांभाळला. संध्याकाळी तो दोन म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जातो. तिथं लोक ग्लास घेऊन उभे राहतात आणि त्यांच्या समोर धार काढून, फेसासकट गरम दूध त्यांना द्यायचं. फेस असल्याशिवाय कोल्हापूरचा माणूस दूध घेत नाही. तेव्हा धार काढणाऱ्याचा हात चांगला लागतो आणि त्याला उकिडवं बसता यावं लागतं. बादली दोन गुडघ्यांत धरायची असते.

मुलाला उकिडवं बसता येईना, तिथून हे सगळं सुरू झालं. तो लहानपणापासून दणकट होता. लग्नानंतर जाड झाला, मग फार जाड झाला. दवाखान्यातल्या काट्यावर त्याचं वजन मावेना, तर तो पेंडीच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिला. दुकानदार म्हणाला, "पैलवान, उतरा की खाली. हे पोत्यांसाठी हाय." तो हसला. घरी येऊन मात्र जेवला नाही. साखर वाढली होती, सुई घ्यावी लागायची. गुडघे गेले होते. धार काढायला तो स्टूल घेऊन बसायला लागला, पण पोट मध्ये यायचं आणि हात सडापर्यंत नीट पोचायचे नाहीत. म्हैस लाथ मारायची. सून धार काढायला लागली आणि तो बाजूला उभा राहून ग्लास द्यायला लागला. घरात याबद्दल कुणी बोलत नव्हतं, पण त्याला ते लागायचं.

मग पुण्याला जाऊन त्यानं वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. जठर कापून लहानसं केलं आणि आतडं पुढं नेऊन त्याला जोडलं, असं त्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गल्लीत लोक बोलले. एक बाई मला नळावर म्हणाली, "तोंड आवरायचं सोडून पोट कापलं म्हनं?" मी म्हटलं, "तुझं तोंड कोण कापतंय का बघ." तरी मुलानं कट्ट्यावर सगळ्यांना हर्नियाचं सांगितलं. म्हशीवाल्यानं खाणं कमी व्हावं म्हणून पोट कापून घ्यावं, याची त्याला लाज वाटत होती.

ऑपरेशन वाईट झालं असं मी म्हणणार नाही. वर्षभरात तो निम्मा झाला. साखर गेली, सुई सुटली. एका सकाळी तो म्हशीखाली उकिडवा बसला, बादली गुडघ्यांत धरली आणि धार काढली. सून दारात उभी राहून रडली. मी रडले नाही, पण त्या दिवशी मी त्याच्या ताटात भाकरी स्वतः वाढली. चतकोर. तेवढीच चालायची.

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, की गोळ्या जन्मभर घ्यायच्या आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यायचं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. पहिलं वर्ष त्यानं घेतल्या. मग बंद केल्या. मी विचारलं तर म्हणाला, "मी बरा हाय की. बऱ्या माणसानं गोळ्या कशाला खायच्या?" मलाही ते पटलं. आमच्या घरात गोळी म्हणजे आजार. ताप गेला की गोळी बंद. आणि घरात दूध, दही, लोणी, तूप. ज्याच्या दारात म्हशी बांधलेल्या आहेत, त्याच्या अंगात कसली कमी पडणार? हे आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

एक गोष्ट आम्ही बघत होतो आणि तिचा अर्थ लावत नव्हतो. त्याला संडासला तेलकट व्हायचं. पाण्यावर तरंगायचं आणि वास असा यायचा, की सून आत जाताना नाकाला पदर लावायची. लिहायची गोष्ट नाही, पण ती लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो म्हणायचा, दूध पचत नाही थोडं. तरी दूध पीतच होता. दूध सोडायचं कुणाला सुचलं नाही, गोळ्या परत चालू करायच्या तर अजिबातच नाही.

मग डोळे चोळायला लागला. डोळ्यांत माती गेल्यासारखं होतंय म्हणायचा. कडब्याचं कुसळ गेलं असेल, म्हटलं. डोळे लाल असायचे आणि कोरडे. धार काढताना तो सड वर वळवायचा आणि दुधाची एक धार उजव्या डोळ्यात मारून घ्यायचा. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. हे आम्ही सगळेच करतो. डोळ्यात काही गेलं की दुधाची धार. माझ्या सासूनं माझ्या डोळ्यात मारली होती, मी माझ्या मुलाच्या मारली होती, कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आणि दिवे लागायच्या वेळी त्याचा तोल जायला लागला. गोठ्याच्या उंबऱ्याला ठेच. भरलेल्या बादलीला पाय. एकदा तो म्हशीच्या मागं उभा राहून तिच्या पुढच्या बाजूला वैरण टाकतोय असं समजून वैरण टाकत होता. मी म्हटलं, "कुठनं पिऊन आलायस?" त्यानं वैरण गोळा केली. एकदा कट्ट्यावर एका गिऱ्हाइकानं ग्लास पुढं केला आणि यानं दूध ग्लासाच्या बाहेर ओतलं, त्याच्या पायांवर.

"काय पैलवान," तो माणूस म्हणाला, "आजपासनं चपलांस्नी बी दूध काय?"

"आज जरा टाकलीया, पावणं," मुलगा म्हणाला. "माफ करा."

लोक हसले. मी शेजारी पाटावर बसले होते, मी हसले नाही. आमच्या घरात कुणी पीत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याला बेवडा म्हणायला लागले. जेवताना, उठताना, बसताना. तो ऐकून घ्यायचा. मला आता लोक विचारतात, तुला वाईट वाटत नाही का? नाही वाटत. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आईला काय कट्ट्यावरच्या लोकांपेक्षा जास्त दिसतं?

चष्म्याच्या दुकानातही जाऊन आला होता, हे मला मागाहून कळलं. भरदुपारी गेला होता. पाटीवरची अक्षरं सगळी वाचली. दुकानदार म्हणाला, तुम्हाला नंबर नाही. आपल्याला फक्त अंधार पडला की दिसत नाही, हे त्यानं तिथं सांगितलंच नाही.

सगरात भाग घेऊ नको असं त्याला दुसऱ्या कुणी म्हटलं नाही, कारण बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली होती, तर तो तिला म्हणाला, "न्हाय गेलो तर सगळी इचारतील की, का न्हाय गेला. आन् सगर काय अंधारात हाय व्हय? दुपारी तीनला हाय." ते खरं होतं. सगर दुपारचा होता. पण बक्षीस द्यायला ज्या पाहुण्यांना बोलावलं होतं ते उशिरा आले. त्यांच्यासाठी सगळे थांबले. म्हशी नटून उभ्या, माणसं उभी, आणि ऊन गेलं. चौकात मोठे दिवे लावले होते. चौकात त्याला दिसत होतं. तिथून तो गाडी घेऊन निघाला, म्हैस मागं लागली, टाळ्या पडल्या. चौक संपला आणि आमच्या गल्लीचं तोंड आलं. तिथं खांबावरचा दिवा गेलेला होता, आणि सजवलेल्या गाडीच्या पुढच्या दिव्यावर झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या होत्या. एवढ्या उजेडातून तो तिथं आला आणि त्याच्यापुढं काळं झालं. माझ्या ताटातलं निरांजन त्याला दिसलं होतं, असं तो सांगतो. ते मागं कुणाच्या तरी उंबऱ्यावर लावलेली पणती आहे असं त्याला वाटलं.

मला दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली. मुलाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, त्याचा हात गळ्यात बांधला. म्हशीकडं दिराच्या मुलानं बघितलं, जनावरांचे डॉक्टर आणले, शिंगाला औषध लावून फडकं बांधलं. सून माझ्या खाटेशी बसून होती. ती गडहिंग्लजच्या बाजूची, सासूला आत्ती म्हणायची तिकडची रीत.

"आत्ती, मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्यास्नी दिवा लागल्यावर दिसत न्हाई. गणपतीच्या आधीपासनं. मी बांगड्या वाजवत पुढं चालायची, ते आवाजानं मागं यायचे."

"म्हशीगत?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"आण घातली व्हती. म्हनले, बेवड्याच्या हातचं दूध लोकं पितात. आंधळ्याच्या हातचं कोण पिणार? धारेत केस पडला, माशी पडली, त्याला दिसणार न्हाई म्हणून समदी सोडून जातील."

त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. बेवडा सकाळी शुद्धीवर येतो, हे गिऱ्हाइकाला माहीत असतं.

मुलानं आता मात्र दवाखान्यात सांगितलं, की संध्याकाळी दिसत नाही. त्याला डोळ्यांच्या विभागात जायला सांगितलं होतं. तो गेला नाही, माझ्या खाटेशी येऊन बसला. तर डोळ्यांची डॉक्टरीण त्याला शोधत वर आली. पोरसवदा मुलगी होती. हातात लहान बॅटरी. खिडकीकडं तोंड करून त्याला बसवलं, पापण्या वर केल्या आणि बघत राहिली. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा एक ठिपका होता. तो मलाही खाटेवरून दिसला. दुधावरचा फेस सुकतो तसा.

"साखर आहे का?" तिनं विचारलं.

"व्हती. आता न्हाय."

"गेली कशी?"

तो भिंतीकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "पोटाचं आपरेशन केलंय पुण्याला. वजन कमी करायचं. त्याला लाज वाटती सांगायला."

डॉक्टरणीनं बॅटरी बंद केली. "आतडं पुढं जोडलंय ते?"

"व्हय."

"गोळ्या चालू आहेत?"

"बंद केल्या," तो म्हणाला. "दूध-तूप भरपूर हाय घरात."

ती माझ्या खाटेच्या कडेवर बसली आणि आम्हाला सांगायला लागली. मला कळलं तसं लिहिते. अंधारात दिसायला डोळ्याच्या आतल्या पडद्याला अ जीवनसत्त्व लागतं. बुबुळ ओलं राहायलाही तेच लागतं. ते दुधात असतं, तुपात असतं, पण ते स्निग्धाबरोबरच अंगात जातं. आतड्याचा जो भाग ते उचलतो, तोच भाग या ऑपरेशनमध्ये वाटेतून बाजूला पडतो. दूध पोटात जातं आणि त्यातलं स्निग्ध तसंच बाहेर पडतं. अंगात आधीचा साठा असतो, तो वर्ष-दोन वर्षं पुरतो. तो संपला की डोळे. म्हणून गोळ्या जन्मभर असतात. ज्यांनी गोळ्या नेमानं घेतल्या आणि रक्त तपासत राहिले, त्यांना सहसा असं होत नाही, असंही ती म्हणाली.

"म्हंजे रेडकाला पांढरी हगवण लागती तसं," मी म्हटलं. "पितंय भरपूर, आन् समदं मागनं जातंय."

"तसंच समजा, आजी." मग तिनं परत बॅटरी लावली आणि उजवा डोळा बघितला. बराच वेळ. "या डोळ्यात काही घातलं होतं का?"

"दूध," तो म्हणाला.

"कसलं दूध?"

"म्हशीचं. सडातनं धार मारायचो."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. "रोज?"

"जळजळलं की."

"दूध प्यायचं असतं," ती म्हणाली. "डोळ्यात घालायचं नसतं."

मी म्हटलं, "आमी समदीच घालतोय. जन्म गेला."

"तुमचा डोळा ओला आहे, आजी. तुमचं नशीब. यांचं बुबुळ कोरडं पडलंय. कोरड्यावर जंतू बसले आणि जखम झाली." ती मुलाकडं वळली. "संध्याकाळी दिसायला लागेल, असं मला वाटतं. इंजेक्शन देऊ, ते आतड्यावर अवलंबून राहत नाही. पण उजव्या डोळ्याची जखम खोल आहे. भरली तर डाग राहील. नाही भरली तर डोळा जाईल."

"आन् डावा?"

"डावा अजून वाचलाय. वाचवायचा तुमच्या हातात आहे."

त्याला इंजेक्शनं दिली, दर तासाला डोळ्यात थेंब घालायला सांगितले. ते काम सुनेनं केलं. घड्याळ लावून. म्हशी, मी आणि त्याचा डोळा, सगळं तिच्याकडं होतं. माझं बेडपॅनही तिनंच केलं. ती माझ्यावर ओरडायची आणि मी तिच्यावर, पण कामं झाली.

मला घरी आणलं ते पुढच्या सोप्यात ठेवलं. तिथून गोठ्याचं दार समोर दिसतं. मुलगा दिवसभर माझ्या पायाशी बसायचा. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा हात गळ्यात. संध्याकाळ झाली की तो उठायचा आणि गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. आत दिवा लावू द्यायचा नाही. थोडा वेळ उभा राहून परत यायचा. काही विचारलं तर म्हणायचा, "काळं हाय." मग एके दिवशी म्हणाला, "करडं हाय." पण करड्यात म्हैस कुठली आणि भिंत कुठली, ते त्याला सांगता येत नव्हतं.

त्यालाच वाटलं, म्हशी विकाव्यात. दूध चालू आहे तोवर गिऱ्हाईक येईल, पुढं भाकड झाल्यावर कोण घेणार? त्यानं मला विचारलं. त्याला वाटलं असेल, मी नको म्हणेन.

"वीक," मी म्हटलं. "ज्याला दिसत न्हाय त्यानं म्हशी पाळू नयेत. तुझी बायको एकटी किती मरंल?"

सून आतून म्हणाली, "मी मरत न्हाई. मला इचारलंय कुणी?"

"तुला इचारलं तर तू न्हाय म्हणणार," मी म्हटलं. "म्हणून न्हाय इचारलं."

कोडोलीकडचा एक गिऱ्हाईक आला. दुपारी येतो म्हणाला होता आणि दिवस मावळल्यावर आला. सगळे असेच. त्याला चहा दिला. मग तो गोठ्यात शिरला. आमची सगराची म्हैस दाराजवळच बांधली होती, मोडक्या शिंगाला फडकं गुंडाळलेलं. तो तिच्या कासेला हात लावून बघत होता, सड दाबत होता. मुलगा दारात उभा होता. दिवा लावलेला नव्हता. सून माझ्या खाटेशी होती, तिच्या हातात थेंबांची बाटली.

"शिंगाचं काय झालंय?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"खांबाला लागलं," सून इथून म्हणाली.

"बघू की किती गेलंय ते."

मला खाटेवरून आत काही दिसत नव्हतं. नुसता अंधार दिसत होता, आणि दारात मुलाची पाठ.

"पावणं," मुलगा म्हणाला, "फडकं सोडू नका."

आतून गिऱ्हाईक म्हणाला, "न्हाय, नुसता हात लावतोय."

"हात न्हाय. गाठ सोडताय तुम्ही. डाव्या हातानं. सोडू नका, रगत येतंय."

सुनेच्या हातातली बाटली खाली पडली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

गिऱ्हाईक बाहेर आला. त्याला काय झालं ते कळलं नव्हतं. "जनावर बरं हाय," तो म्हणाला. "बोला."

मुलगा अजून आत बघत होता. "तिच्या खुरापाशी वैरण सांडलीया," तो म्हणाला, कुणाला असं नाही. "रेडकू बसलंय. उजवा कान खाजवतंय."

"पावणं, म्हस इकायची न्हाय," मी म्हटलं.

"अवं, आत्ताच तर बोलावलंय मला."

"बोलावलंतं. चहा घेतलासा न्हवं? आनि एक घ्या."

त्यानं दुसरा चहा घेतला नाही. रागानं गेला. जाताना गल्लीत कुणालातरी सांगत गेला, की या घरात सगळी डोक्यानं गेलेली आहेत. सुनेनं दिवा लावला आणि मुलाचा हात धरून त्याला आत आणलं. त्याची आता गरज नव्हती, पण तिला सवय झाली होती.

उजव्या डोळ्याची जखम भरली. त्यात फूल पडलंय, बुबुळावर पांढरा डाग. त्या डोळ्यानं त्याला माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. पुढं बुबुळ बदलता येईल असं डॉक्टरीण म्हणाली. तो बघू म्हणतो. गोळ्या तो सकाळी धार काढून झाल्यावर घेतो, माझ्यासमोर, कारण मी उठू शकत नव्हते तेव्हा मी त्याला तशी सवय लावली. आता मी काठी घेऊन चालते, तरी ती सवय ठेवलीय. रक्त तपासायला सून त्याला नेते. कट्ट्यावर त्यानं स्वतःच सांगितलं, की हर्निया नव्हता, पोट कापून घेतलं होतं. एकानं लगेच विचारलं, "मग आता किती खातोस?" दुसऱ्यानं आपल्या बायकोसाठी पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता मागितला. मुलानं दिला. वर म्हणाला, "पत्ता घे, पर गोळ्या सोडू नको." लोकांना त्याची गंमतच वाटली. ज्या गोष्टीला तो एवढा लाजत होता, तिच्यावर लोकांचं बोलणं चहा संपेपर्यंतच टिकलं.

त्याच्याकडं दूध घेणारी बरीच माणसं सोडून गेली होती. काही परत आली, काही आली नाहीत. ग्लास पुढं केला की तो आता डावीकडं मान वळवून बघतो आणि मग ओततो.

या पाडव्याला त्यानं गाडी काढली नाही. म्हशीला दुपारीच, उन्हात, दावं धरून चालवत नेलं आणि परत आणलं. तिचं एक शिंग रंगवलं होतं, दुसऱ्याच्या खुंटाला हळद लावली होती. लोक म्हणाले, पळव की. तो म्हणाला, चालू दे. मी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. तिथल्या खांबावर आता दिवा बसवलाय. बसल्या बसल्या मी आधी म्हशीला ओवाळलं आणि मग त्याला. निरांजन तोंडासमोर आणलं, तर तो म्हणाला, "जरा लांब धर, आये. दिसतंय मला."

मागच्या पाडव्याला संध्याकाळी त्याच जागी मी, माझा मुलगा आणि म्हैस असे तिघं पडलो होतो. तिघंही जिवंत आहोत.